बाटल्या भरल्या की येतो

अहो,

कुंदावन्सं परवा पुण्याला परत गेल्या. मस्कतमधल्या अल खौदच्या या घरात आता मी उरले आहे आणि आपले दोन फ्रीज. एक स्वयंपाकघरातला, तो माझा. दुसरा मागच्या न्हाणीघराशेजारचा, तो तुमचा. त्याच्या दारावर तुम्ही काळ्या स्केचपेनने लिहून ठेवलं आहे, 'दूध-दही ठेवू नये.' आयुष्यभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला सूचनेत 'कृपया' नसलेलं खटकतं. मला ते रोज खटकायचं. आता पुसावं म्हटलं तर हात धजत नाही, म्हणून आणखी राग येतो.

लिहिते आहे तुम्हाला, पण वाचणार आहेत अद्वैत आणि मीरा. म्हणजे आपली लेक केतकी तिच्या या मुलांना कॅनडात, कॅल्गरीत, वाचून दाखवणार. मराठीत का, तर आपण भांडलो मराठीत. इंग्रजीत मी तुमच्याशी कधी भांडले नाही. त्या भाषेत फार लवकर 'सॉरी' म्हणावं लागतं. केतकीला बजावून ठेवलं आहे, कठीण शब्द समजावून सांग, पण कडू भाग गाळू नकोस.

तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी मुलांसाठी सांगते, तेवढं चालवून घ्या. त्यांचे आजोबा पाण्याचे केमिस्ट. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. तुम्ही म्हणायचात, आम्ही पाण्यातून सगळं काढून टाकतो, मीठही आणि चवही. मग थोडं थोडं परत घालतो, म्हणजे माणसाला ते पाणी वाटतं. निवृत्त झालात तरी सल्लागार म्हणून राहिलात, आणि ज्या वयात इतर लोक भगवद्गीतेचा क्लास लावतात त्या वयात घरी बिअर करायला लागलात. तीसुद्धा साधी नाही. काळी. ब्लॅक आयपीए म्हणतात तिला. भाजलेल्या बार्लीमुळे दिसते कॉफीसारखी आणि हॉपच्या फुलांमुळे लागते भयंकर कडू.

"डोळे मिटून प्यायलं तर रंग कळता कामा नये," तुम्ही म्हणायचात. "काळी दिसली पाहिजे, पण जीभ म्हणाली पाहिजे, ही सोनेरी आहे. त्यातच सगळी गंमत."

"म्हणजे दिसायचं एक आणि असायचं एक," मी म्हणायचे. "त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? माणसं करतातच."

या देशात आपल्याला दारू विकत घ्यायचा परवाना होता, घरी करायचा नव्हता. ते मी तुम्हाला प्रत्येक वेळी सांगितलं आणि प्रत्येक वेळी तुम्ही "हो, बरोबर आहे तुझं" म्हणून चूल पेटवलीत. मी पडदे ओढून बसायचे. एकदा शेजारच्या उम्म सालेमने आपल्या मुलाला पाठवलं. "अंकल, मम्मा पूछती है, गहवा भून रहे हो? खुशबू अच्छी है." गहवा म्हणजे इथली कॉफी. तुम्ही दारात उभं राहून म्हणालात, "गहवा नहीं रे. शईर. बार्ली." तो खूश होऊन गेला, संध्याकाळी बशीभर हलवा आला. तुम्ही विजयी चेहऱ्याने मला म्हणालात, "बघ, खोटं बोललो का?"

नाही. खोटं तुम्ही कधीच बोलला नाहीत. खरं अर्ध्यावर थांबवायचात.

पहिल्या खेपेसाठी मोठं पातेलं घ्यायला आपण मत्रहच्या बाजारात गेलो होतो. दुकानदार म्हातारा कच्छी, त्याच्या आजोबांपासून दुकान तिथे. त्याने विचारलं, "घरी लग्न आहे का?" तुम्ही गंभीर चेहऱ्याने सांगितलंत, "हो, मुलीचं." केतकीच्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याने आशीर्वाद म्हणून एक झारा फुकट दिला. गाडीत बसेपर्यंत मी हसू दाबलं होतं. हे मात्र लिहून ठेवते, त्या दिवशी मी हसले होते.

पहिल्या घाण्याची गोष्ट मुलांना नीट कळली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. बिअरच्या एका खेपेला तुम्ही घाणा म्हणायचात, चकलीचा म्हणतात तसा. उकळलेलं ते काळं पाणी गार झालं की त्यात हवा मिसळावी लागते, नाहीतर यीस्ट कामाला लागत नाही. तुम्ही आजूबाजूला पाहिलंत आणि खिळ्याला टांगलेली माझी ताक घुसळायची लाकडी रवी काढलीत. माझ्या आईची रवी. मी म्हटलं, "अहो, ती ताकाची आहे." तुम्ही म्हणालात, "धुतलेली आहे ना?" आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून असे घुसळत बसलात, जसं काही लोणी येणार आहे.

लोणी आलं नाही. बिअर आंबली. तेव्हा तुमच्याकडे हॉपही थोडेच होते, घाबरत घाबरत घातलेले. परब चाखायला आला होता. हा परब मालवणचा, एसी दुरुस्त करणारा. तुमच्या फ्रीजला बाहेरून तापमानाचं बटण त्यानेच जोडून दिलं आणि तेव्हापासून घरचा झाला. त्याने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "सायबानू, ह्यात कढीपत्त्याची फोडणी घातल्यात तर कढी जमात."

तुम्ही हसला नाहीत. तुम्ही शांतपणे निदान केलंत, "हिचं विरजण. फ्रीजमध्ये दह्याचं भांडं शेजारी होतं. हवेतून गेलं असणार."

मी म्हटलं, "हवेतून नाही, रवीतून. लाकूड कितीही धुतलं तरी ताक सोडत नाही, कुठल्याही बाईला विचारा."

"रवी उकळत्या पाण्याने धुतली होती."

"नव्हती. नळाखाली धरली होती. मी बघत होते."

हा वाद तिथे संपायला हवा होता. पण तुम्ही तो सूचना म्हणून फ्रीजच्या दारावर लिहिलात, आणि नंतर निमित्त म्हणून आयुष्यभर वापरलात.

कारण त्यानंतर कुठे जायचं म्हटलं की एकच उत्तर. घाणा लावलाय. तो टाकून कसं येणार? आपलं लक्ष नसलं की आंबते, बघितलंस ना मागे? आणि घाणा संपला की दुसरा लागलेलाच असायचा. अद्वैत बोलायला लागल्यावर दर रविवारी फोनवर विचारायचा, आजोबा, तुम्ही कधी येनार? तुम्ही सांगायचात, "बाटल्या भरल्या की येतो." त्याला वाटलं, हा आपला खेळ आहे. मग तो हॅलोच्या ऐवजी विचारायला लागला, "आजोबा, भरल्या का?" त्या मुलाचं मराठी अडखळतं, पण हे दोन शब्द तो आपल्यासारखे म्हणतो. त्याचं सगळ्यात शुद्ध मराठी वाक्य तुमच्या न येण्याचं आहे.

मीरा व्हायची होती तेव्हा दोन तिकिटं काढायचं ठरलं होतं. मी बॅगा भरल्या, तुमचे लोकरीचे मोजेसुद्धा. तुम्ही म्हणालात, "तू हो पुढे. हे हॉप टाकतो, बाटल्या भरतो आणि येतोच." मी पुढे झाले. तिथे दवाखान्यात मीराला माझ्या हातात दिलं तेव्हा केतकीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा निघाले का?" मी म्हटलं, त्यांची बिअर आंबेल. माझ्या तोंडून ते वाक्य गेलं, अहो. ताज्या बाळंतिणीला. केतकी हसली, मग तिने भिंतीकडे तोंड केलं. मीरा पाच वर्षांची झाली. तुम्ही तिला एकदाही उचलून घेतलं नाहीत.

मुलांना मी आजवर तेच सांगत आले, आजोबांना यायचं आहे पण लक्ष दिलं नाही तर बिअर नासते. तुमची बाजू मी सांभाळली. रागावून का होईना, पण सांभाळली.

एकदाच तुम्ही वेगळं बोलला होतात. मत्रहच्या किनाऱ्यावर बसलो होतो, समोर बोटींचे दिवे लागत होते. मी पुन्हा कॅल्गरीचा विषय काढला. तुम्ही चहाचा कागदी कप चुरगाळलात आणि म्हणालात, "तिथे जाऊन मी काय करू? सोफ्यावर बसू?"

"बसा की. सगळे आजोबा बसतात."

"इथे मला लोक पाण्याबद्दल विचारतात."

मी पुढे काही विचारणार होते, तेवढ्यात तुम्ही उठलात. "यल्ला, चल. तापमान बघायचंय."

त्या शेवटच्या सकाळचं मी लिहिणार नाही. एवढंच की दुपारी फसफसणं थांबलेल्या बिअरमध्ये तुम्ही हॉप टाकणार होता. हॉपच्या हिरव्या गोळ्या मोजून स्टीलच्या वाटीत काढून ठेवल्या होत्या. सकाळी तुम्ही गेलात आणि वाटी ओट्यावर राहिली. घरात माणसं रडत होती, परब फोन करत होता, आणि मी काय केलं माहीत आहे? वाटीवर झाकण घातलं आणि ती फ्रीझरमध्ये ठेवली. उघडी राहिली तर वास उडतो, हे तुम्हीच शिकवलं होतं. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय बाई आहे. मी अशीच बाई आहे. तुम्हाला ते सोयीचं होतं.

मग कुंदावन्सं आल्या. पुण्याहून तुमची बहीण येणार म्हटल्यावर मी धीर गोळा करून ठेवला होता. त्या आल्या, माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आंघोळीसाठी गीझर लावला. जूनमध्ये! मस्कतला उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला उकळतं पाणी येतं, म्हणून आपण गीझर बंद करतो आणि त्याच्यात साठलेलं पाणी घरातल्या गारव्यात निवलं की तेच थंड पाणी म्हणून वापरतो, हे त्यांना कोण सांगणार? मलाही सुचलं नाही. मी आंघोळीला गेले तर दोन्ही नळ गरम. घरात थंड पाण्याचा एक तांब्या नाही.

लग्न होऊन आले त्या पहिल्या उन्हाळ्यात माझा हात भाजला होता, तेव्हा तुम्ही मला हे गीझरचं उलटं गणित समजावलं होतं. पुढे बिअर गार करायला तुम्ही गीझर रिकामा करायचात, पण त्याआधी न चुकता एक बादली भरून माझ्या न्हाणीघरात ठेवायचात. "तुझी बादली आधी," म्हणायचात. इतकी वर्षं ती बादली भरलेली असायची आणि मी एकदाही थँक्यू म्हटलं नाही. आपल्यात म्हणत नाहीत. त्या सकाळी मी न्हाणीघरात रिकाम्या बादलीसमोर उभी राहिले आणि तेव्हा कुठे मला रडू आलं. बाहेरून कुंदावन्सं म्हणाल्या, "वहिनी, पाणी चांगलं कडकडीत आहे ना?"

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी परब आला. हातात टोपी, नजर जमिनीवर.

"वयनी, रागवू नकात हां. पण त्या काळ्याचा काय झाला?"

मला इतका संताप आला! माणूस गेला आणि ह्याला बिअर. मी म्हटलं, "परब, तेरावं कालच झालं."

"म्हायती हा, वयनी. म्हणान तर काल इचारलंय नाय."

कुंदावन्सं आतून आल्या. "काळं म्हणजे दादाचा तो काढा का? मागच्या फ्रीजमधला? अगं, तो ठीक आहे. मी दोनदा झाकण उघडून बघितला, म्हटलं खराब नको व्हायला. एकदा डावाने ढवळलासुद्धा, खाली काहीतरी बसलं होतं."

मी विचारलं, "वन्सं, तुम्ही त्या फ्रीजमध्ये कशाला गेलात?"

"अगं, तुझा फ्रीज लोकांच्या डब्यांनी भरलेला. दही कुठे ठेवू? रोज तिथेच तर ठेवत होते. ताकाचं पातेलंही तिथेच. फार गार होत नाही तो फ्रीज, पण चालून गेलं."

मी जाऊन दार उघडलं. दारावर तुमची सूचना. आत तुमचा बिअरचा पिंप, त्याला टेकून दह्याचा सट, वर ताकाचं पातेलं, आणि पिंपाच्या झाकणावर ताकाने भरलेला डाव.

परब म्हणाला, "खलास."

मलाही तसंच वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. वाटलं, आंबू दे. पिंप न्हाणीघरात ओतू, दार लावू आणि जाऊ. माझा व्हिसा तुमच्या व्हिसाला बांधलेला. तुम्ही गेलात की तोही गेला. मला हा देश सोडायचाच आहे. नासकं टाकून जायला त्रास होत नाही.

पण टाकायच्या आधी खात्री करायची माझी सवय. मी चहाची वाटी घेतली आणि पिंपाची तोटी उघडली. या घरात इतकी वर्षं ती बनली, मी कधी जिभेला लावली नव्हती. तत्त्व म्हणून. परब आणि कुंदावन्सं बघत होते. मी वास घेतला आणि मग घोट घेतला.

कडू. इतकी कडू की कान गरम झाले. संत्र्याची साल चावल्यासारखी, आणि तिच्यामागून जळक्या पोळीची चव. तो घोट मी तोंडात धरून ठेवला आणि आंबट शोधलं. आंबट मला कळतं. जन्मभर दही लावलं आहे, विरजण किती तासांचं ते मी वासावरून सांगते. आणखी एक घोट घेतला. डोळे मिटून.

आंबट नव्हती. कणभरही नाही.

"बरी असा?" परबने विचारलं.

"चांगली झाली आहे," मी म्हटलं.

म्हणजे दह्याला टेकून, ताकाच्या डावाने ढवळून, कोणी लक्ष न देता, काही माहीत नसलेल्या बाईने काढा समजून हाताळून, तुमची बिअर व्यवस्थित राहिली. माझ्या विरजणाने ती कधीच आंबली नव्हती. वाद मी जिंकले. पण वाटी हातात घेऊन उभी असताना मला दुसरंच आठवलं. हॉप एवढे का घालता, असं मी एकदा विचारलं होतं, आणि तुम्ही लॅबमधल्या आवाजात सांगितलं होतं, "हॉप नुसतं कडू करत नाही, आंबवणाऱ्या जंतूंना वाढू देत नाही. अगं, कडू आहे म्हणूनच ती टिकते."

पहिल्या घाण्यानंतर तुम्ही हॉप मुठींनी घालत होता. म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अहो. पाण्याच्या केमिस्टला माहीत नसणार तर कोणाला? ती तुमच्यावाचून आंबणार नव्हती. कधीच नव्हती. तुम्ही येऊ शकला असतात.

सोफ्याची भीती वाटते असं सांगितलं असतंत तर मी काहीतरी केलं असतं. तिथेही पाणी आहे. तिथेही नळ आहेत, शाळा आहेत, प्रश्न विचारणारा अद्वैत आहे. पण तुम्ही माझ्या दह्यावर ढकललंत. मी ते केतकीला सांगितलं, मुलांना सांगितलं, आणि त्या सगळ्यांनी इतकी वर्षं ते खरं मानलं.

तरी अर्धवट ठेवणं माझ्याच्याने होत नाही. फ्रीझरमधली वाटी काढून हॉप टाकले. तीन-चार दिवसांनी परब आला आणि आम्ही दोघांनी बाटल्या भरल्या. तो बुचं दाबत होता, मी पुसून ओळीने मांडत होते. तो म्हणाला, "वयनी, सायबांचा हात फिरल्यासारखा वाटता." मी म्हटलं, हात माझाच होता. नेहमीच. पिंप कोणी धुतला, बाटल्या कोणी उकळल्या? तो म्हणाला, "ता खरां." बाटल्यांत फेस धरायला आणखी दोन आठवडे लागतील. तोवर मी इथे नसेन. परब पिईल. मी आईची रवी तेवढी बॅगेत घातली आहे.

काल रविवार होता. फोन आला. मी जेवायच्या टेबलाशी बसले होते आणि मागे बाटल्या होत्या. हलवायचं लक्षात राहिलं नाही. अद्वैतने त्या पाहिल्या. दहा वर्षांचा मुलगा, त्याला सगळं समजतं. तो हळूच म्हणाला, "आजी, भरल्या?"

"भरल्या," मी म्हटलं.

त्याच्या खांद्यावरून मीराने तोंड पुढे काढलं. तिने तुम्हाला फक्त या पडद्यावर पाहिलं आहे, आणि तुमचं एकच वाक्य तिला पाठ आहे.

"मग आता आजोबा येतील?"

अद्वैतने तिला कोपराने ढोसलं. केतकी कॅमेऱ्याबाहेर गेली. मीरा माझ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत, अगदी तुमच्यासारख्या भुवया वर करून.

ते उत्तर तुम्ही द्यायचं होतं. बादली तेवढी माझी आधी भरायचात, आणि हे माझ्यासाठी ठेवून गेलात.